मुंबई ते दुबई अंतर किती, विमानाला किती तास? तिकिटावरची वेळ आणि तारीख अशी वाचा

रत्नागिरी, रायगड भागातून दुबईला कामाला गेलेला माणूस प्रत्येक गावात सापडेल. तरी तिकीट हातात आलं की घरात एकच चर्चा होते. चारला विमान सुटतं आणि साडेपाचला पोचतं म्हणजे दीडच तास? आणि येताना साडेचार तास का लागतात?

आधी अंतर बघू. मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. बहुतेक वाटभर खाली अरबी समुद्रच असतो. विमान उंचावर ताशी 800 ते 850 किलोमीटरने जातं. त्या हिशोबाने अडीच तासांच्या आत पोचायला हवं, पण धावपट्टीवरची रांग, चढणं, उतरणं धरून जाताना सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. येताना तीन तास किंवा थोडे कमी. वर वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, विशेषतः हिवाळ्यात. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो.

आता घड्याळाची गंमत. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, वर्षभर तेवढंच. आपल्याकडे दुपारचे बारा, तेव्हा तिथे साडेदहा. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटतो त्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचतो त्या गावची छापलेली असते. मुंबईहून पहाटे 4.30 ला सुटून दुबईत 6.10 ला पोचलं, तर त्यात दीड तास मिळवायचा. प्रवास झाला 3 तास 10 मिनिटांचा. येताना दुबईहून रात्री 10 ला सुटून मुंबईत 2.30 ला उतरलं, तर साडेचारातून दीड वजा करा, राहिले तीन तास.

खरा घोळ तारखेत होतो, आणि त्यात तिकिटाचे पैसे बुडतात. तिकिटावर 15 तारीख, वेळ 00.45 असेल तर ते विमान 14 च्या रात्री बारा वाजून गेल्यावर पाऊण तासाने सुटतं. 15 ला दिवसभर बॅग भरून रात्री निघालात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. विदेशी प्रवासाला तीन तास आधी पोचावं लागतं, म्हणजे 14 ला रात्री पावणेदहाला विमानतळावर. काउंटर सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होतो, मग कितीही हातापाया पडा, आत घेत नाहीत. रत्नागिरीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, एसटीला आठ-नऊ तास सहज जातात. महामार्गाचं तर काही विचारू नका. तेव्हा 14 ला सकाळी दहाच्या आत घर सोडलेलं बरं. समुद्रापलीकडे जायला सव्वातीन तास आणि मुंबई गाठायला तिप्पट, असा हा हिशोब आहे!

आणायला जाणाऱ्यांचंही तसंच. दुबईहून 20 तारखेला रात्री 10 ला निघालेला माणूस 21 च्या पहाटे अडीचला उतरतो. गाडी 20 लाच दुपारनंतर काढायची. 21 च्या रात्री गेलात तर तो बिचारा दिवसभर बाहेर बसलेला असेल.

विमानतळाचं नावही वाचा. नवी मुंबईचा विमानतळ वेगळा आहे. दुबईतही दोन आहेत, अल मक्तूमचा शहरापासून बराच लांब पडतो. अबुधाबीला काम असेल तर दुबईहून पुढे रस्त्याने सुमारे 140 किलोमीटर धरा. शारजा मात्र दुबईला लागूनच आहे.

फोनचं घड्याळ तिथलं नेटवर्क मिळालं की बहुतेक वेळा आपोआप बदलतं, हातातलं दीड तास मागे घ्यायचं. आणि घरच्यांनी फोन करताना लक्षात ठेवा, आपण सकाळी सहाला उठून फोन लावतो तेव्हा तिकडे साडेचार वाजलेले असतात.