मल्टी-फॅक्टर इंडेक्स फंडाला 'पॅसिव्ह' म्हणायचं का?

गुंतवणुकीचे रील्स पाहणाऱ्यांना हा तक्ता ओळखीचा असेल. २००५ पासून निघालेल्या दोन रेषा. खालची निफ्टी ५० ची आणि तिच्या बरीच वर गेलेली दुसरी रेष एखाद्या 'फॅक्टर' इंडेक्सची. सोबत कॅप्शन: इंडेक्स फंडच आहे, फंड मॅनेजरची भानगड नाही, टेन्शन घेऊ नका.

फंड मॅनेजरची भानगड नाही, हे खरं आहे. टेन्शनचा भाग मात्र थोडा तपासून पाहायला हवा.

'पॅसिव्ह' म्हणजे नेमकं काय?

याची दोन उत्तरं मिळतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं उत्तर फंड कसा चालतो यावरून. इंडेक्समध्ये जे शेअर्स आहेत तेच, त्याच प्रमाणात घ्यायचे, मॅनेजरने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गीकरणानुसार इंडेक्स फंडाला किमान ९५ टक्के पैसे त्या इंडेक्समधल्या शेअर्समध्येच ठेवावे लागतात. या मोजपट्टीवर मल्टी-फॅक्टर फंड पॅसिव्हच ठरतात.

दुसरं उत्तर नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांचं. १९९१ च्या एका छोट्या लेखात त्यांनी मांडलं की, बाजारातला प्रत्येक शेअर बाजारात असलेल्या प्रमाणातच बाळगतो तो पॅसिव्ह गुंतवणूकदार. बाकी सगळे अ‍ॅक्टिव्ह. या व्याख्येत मल्टी-फॅक्टर फंड बसत नाहीत. काटेकोर पाहिलं तर निफ्टी ५० सुद्धा पूर्ण बसत नाही, कारण त्यात ५० च कंपन्या आहेत. पण निदान त्यांचं वजन बाजारातल्या आकारावरून ठरतं.

नियम कोण ठरवतं?

निफ्टी अल्फा लो-व्होलॅटिलिटी ३० हे उदाहरण घेऊ. निफ्टी १०० आणि निफ्टी मिडकॅप ५० मधल्या कंपन्यांना दोन निकषांवर गुण मिळतात: जोखमीच्या मानाने किती जास्त परतावा दिला (अल्फा) आणि भाव किती कमी हेलकावला (लो व्होलॅटिलिटी). त्यातल्या ३० निवडल्या जातात. त्यांचं वजनही कंपनीच्या आकारावरून नाही, तर या गुणांवरून ठरतं.

याच इंडेक्सची तीन भावंडं आहेत. एकात क्वालिटी आणि लो व्होलॅटिलिटी, दुसऱ्यात त्या दोघांसोबत अल्फा, तिसऱ्यात त्यात व्हॅल्यूचीही भर. भाज्या त्याच, मसाले चार. यातला कोणता मसाला, किती कंपन्या, किती काळाचा भाव मोजायचा, हे सगळे निर्णय माणसांनीच घेतले आहेत. फरक इतकाच की ते आधी घेऊन नियमात बांधून टाकले.

त्याचा फायदाही मोठा आहे. मॅनेजर नोकरी सोडून गेला किंवा बाजार पाहून घाबरला, असा प्रश्नच येत नाही.

पण खरेदी-विक्री वाढते. निफ्टी ५० मधल्या कंपनीचा भाव वाढला की तिचं वजन आपोआप वाढतं, फंडाला काही करावं लागत नाही. फॅक्टर इंडेक्समध्ये गुण बदलले की यादी बदलते, आणि फंडाला जुने शेअर विकून नवे घ्यावे लागतात. फंडाच्या आतल्या या विक्रीवर गुंतवणूकदाराला कर लागत नाही, व्यवहाराचा खर्च मात्र परताव्यातून जातो.

मग रीलमधला तक्ता खोटा?

खोटा नाही. पण अल्फा लो-व्होलॅटिलिटी ३० बाजारात आला २०१७ मध्ये, आणि त्याची आकडेवारी सुरू होते एप्रिल २००५ पासून. म्हणजे पहिली १२ वर्षं 'बॅकटेस्ट'. आजचे नियम जुन्या भावांना लावून काढलेला हिशेब. त्या काळात या इंडेक्समध्ये कोणाचाही एक रुपया नव्हता. निफ्टी २०० मोमेंटम ३० तर ऑगस्ट २०२० चा. त्याचाही तक्ता २००५ पासूनच काढला जातो. पेपर फुटल्यावर लिहिलेलं उत्तर बरोबर येणारच, असा संशय इथे घ्यायला जागा आहे.

खिशाला फरक कुठे पडतो?

सप्टेंबर २०२४ च्या शिखरापासून मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत निफ्टी ५० साधारण १६ टक्के पडला. मोमेंटम ३० त्याहून बराच जास्त घसरला. त्याचे इंडेक्स फंड मात्र काही चुकले नव्हते, त्यांनी आपल्या इंडेक्सची नक्कल इमानदारीने केली.

इथेच 'ट्रॅकिंग एरर' हा आकडा फसवतो. इक्विटी इंडेक्स फंडासाठी सेबीने त्याची मर्यादा २ टक्के ठेवली आहे. पण तो फंड आणि त्याच्या स्वतःच्या इंडेक्समधलं अंतर मोजतो. बाजारापासून फंड किती लांब जाऊ शकतो, हे त्यातून कळत नाही.

'इंडेक्स फंड आहे, बाजाराइतकंच पडेल' असं समजून एसआयपी लावलेला माणूस अशा वेळी घाबरतो, मोमेंटममधून पैसे काढून लो व्होलॅटिलिटीत टाकतो आणि वर्षभराने परत फिरतो. तेव्हा फंड पॅसिव्हच असतो, अ‍ॅक्टिव्ह झालेला असतो गुंतवणूकदार.

फंड घेण्याआधी दोन गोष्टी एनएसई इंडायसेसच्या वेबसाइटवर फुकट पाहता येतात: इंडेक्सच्या निवडीचे नियम आणि तो प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख. तक्त्यातली त्या तारखेनंतरची रेष वेगळी काढून पाहिली की चित्र बऱ्याचदा बदलतं.