दुसरी वही

नात पुण्यात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते. 2025 च्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. "आजोबा, अमेरिकेच्या सरकारने पैसा थांबवला. नव्वदएक देशांच्या आरोग्य पाहण्या ज्या संग्रहात आहेत, तिथे नवी नोंदणीच बंद झाली. आता आकडे आणायचे कुठून?"

मी म्हणालो, "बाळा, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे."

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' सुरू केली. त्यांची माणसे गावात घरोघरी जाऊन जन्म-मृत्यू लिहीत. बाळ दोन दिवसांत गेले, की दप्तरात ना जन्म लागतो ना मृत्यू. मग 2001 मध्ये अनेक संस्थांनी मिळून आपापल्या गावांतले बालमृत्यू मोजले. 'कोवळी पानगळ' हा तो अहवाल. आकडा सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी मोठा निघाला. शेवटी शासनाने बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली.

शिक्षणाचेही तेच. 2005 साली 'प्रथम'ने 'असर' पाहणी सुरू केली. स्वयंसेवक घरी जातात, मुलाच्या हाती अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट देतात. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना ती गोष्ट वाचता येत नाही, हे त्यातून देशाला कळले.

मला मात्र ते आधीच माहीत होते, मंडळी. आमच्या उमापूरच्या बाजूला दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याला निघतात, पोरेही बैलगाडीत बसतात. वर्ग अर्धा रिकामा व्हायचा, आणि हजेरीपत्रकावर मी 'हजर' लिहायचो. पट घटला तर शिक्षक जाईल, ही भीती. पुढे ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली, तेव्हा मी घरी बसून मान खाली घातली होती.

म्हणून काय सरकारी वही फेकून द्यायची? नाही. बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 च मुली उरल्या, हे 2011 च्या जनगणनेनेच दाखवले. एवढे मोठे मोजमाप एकट्यादुकट्या संस्थेला झेपणारे नाही. पण पहिली वही खरी राहायची, तर शेजारी दुसरी वही हवीच.

नातीला एवढेच सांगितले, "भांडार बंद झाले तर पायात चपला घाल, आणि दारात जाऊन विचार. फक्त माझ्यासारखे 'हजर' लिहू नकोस."