पावकी

आमच्या बँकेत बंदूक एकच होती, आणि ती आमच्यापैकी कोणाच्याही हाती नव्हती, हे खातेदारांचं भाग्यच म्हणायचं. दारातल्या स्टुलावर बसून डुलक्या घेणाऱ्या रक्षकाच्या मांडीवर ती बारा बोअरची दुनळी आडवी पडलेली असे. तिच्यासमोर कॅश मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण ‘बारा बोअर’ म्हणजे बारा काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. बी. कॉम. झालेल्या माणसाला आकडा दिसला की तो फक्त बेरीज करतो. त्या आकड्याच्या कुळाची चौकशी करायची त्याला सवय नसते.

ती चौकशी करणारं माणूस मला भेटलं ते वाटूरला.

२०११ साली माझी बदली जालन्याला झाली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ऐकून होतो, पण आमच्या वाट्याला त्या पाळण्यातली नाणी आली. त्याच वर्षी ३० जूनपासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून जायची होती. लोक पिशव्या, डबे, क्वचित उशीचे अभ्रे भरभरून नाणी आणत आणि आम्ही मोजत असू. अशाच एका रविवारी सौभाग्यवतीच्या आग्रहावरून तिच्या मामांना भेटायला वाटूरला गेलो. आमचे हे मामेसासरे तेव्हा पंचाहत्तरीचे होते. चहा पिता पिता काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “मामा, आता पावली बंद झाली.”

मामांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे रुपयातला पाव गेला म्हणा की, जावईबापू. आमचा इंचातला पाव हाय अजून.”

आणि ते आत जाऊन एक रायफल घेऊन आले.

मी बशीसकट मागं सरकलो. मामींनी मात्र मान वर न करता शेंगा निवडणं चालू ठेवलं. पाहुणा आला की रायफल बाहेर येते, हे त्यांना ठाऊक होतं. रीतसर परवान्याची रायफल होती ती. मामांचे वडील निजामाच्या राज्यात महसूल खात्यात होते. हैदराबादहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती, आणि तिच्याबरोबर वीस काडतुसांचा एक डबा. पुढं राज्य गेलं, १९४८ साली पोलीस ॲक्शन झाली, उर्दू परवान्याचा मराठी परवाना झाला, रायफल मात्र त्याच खुंटीवर राहिली.

“हिचं नाव काय, सांगा बरं?”

मला आमच्या शाखेतल्या सगळ्या शिपायांचीही नावं सांगता येत नव्हती.

“टू-फिफ्टी थ्री थाउजंड सॅव्हेज,” मामा म्हणाले. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी गोत्र विचारतात तेव्हा यजमान ज्या आवाजात उत्तर देतो, तो आवाज होता.

त्या दिवशी जे ऐकलं आणि पुढं बारा-तेरा वर्षं हप्त्याहप्त्यानं ऐकत आलो, तो हा इतिहास. तुम्ही म्हणाल, वाटूर फाट्यावर बसून अमेरिकेच्या काडतुसांचा इतिहास कशाला? मीही तेच म्हणालो होतो.

आधी बारा बोअरचा उलगडा. एक रत्तल शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की भोक लहान. रायफलीचा हिशेब सरळ असतो, तो इंचात चालतो. मामांच्या रायफलीचं भोक पाव इंचाचं. पण इथंही आतली गोष्ट आहे. नळीच्या आत गोळीला फिरकी देण्यासाठी पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात. खाचांमधल्या उंचवट्यांवरून माप घेतलं तर ०.२५० इंच, आणि खाचेच्या तळापासून तळापर्यंत घेतलं तर ०.२५७. गोळी असते ती ०.२५७ची. पगाराच्या चिठ्ठीवर ढोबळ रक्कम एक आणि हातात पडणारी दुसरी, हे ज्यानं भोगलं आहे त्याला हे समजायला अडचण पडू नये.

आता गंमत अशी, की हा पाव इंच युरोपातल्या फौजांनी कधी जवळ केला नाही. नॉर्वे, स्वीडन, इटली यांनी आणि तिकडे जपाननंसुद्धा साडेसहा मिलिमीटर धरले. पाव इंच भरतो ६.३५ मिलिमीटर. त्यामुळं याच्या नावावर मोठी युद्धं नाहीत. हा हौशी लोकांचा आकडा. १८९५ साली विंचेस्टर कंपनीनं ‘२५-३५’ काडतूस काढलं आणि तिथून या घराण्याची भरभराट सुरू झाली.

मामांचा मूळपुरुष मात्र चार्ल्स न्यूटन. हा बफेलो गावचा वकील. अशिलांच्या कागदपत्रांत लक्ष घालायचं सोडून हा काडतुसांच्या माना आवळत बसे. मान आवळणं हे या धंद्यातलं मुख्य काम. जाड काडतुसाची पितळी नळी घ्यायची, साच्यात दाबून तिचा गळा सुरईसारखा बारीक करायचा आणि त्यात लहान गोळी बसवायची. दारू भरपूर, गोळी हलकी, मग वेग वाढतो. नळी लवकर झिजते ते वेगळं. कोणत्याही कंपनीच्या यादीत नसलेल्या अशा घरगुती काडतुसाला अमेरिकेत ‘रानमांजर’ म्हणतात. कंपनीनं पुढं ते स्वीकारलं की त्याचं बारसं होतं.

न्यूटननं १९१५ साली सॅव्हेज कंपनीसाठी हे पाव इंची काडतूस तयार केलं. त्याची इच्छा १०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २८०० फुटांनी सोडावी अशी होती. कंपनीला मात्र जाहिरातीत ३००० हा आकडा पाहिजे होता. मग गोळी ८७ ग्रेनवर आणली. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा ही अर्ध्या तोळ्यालाही भरत नाही. आणि आकडा मिळाल्यावर तो थेट नावातच घातला, ‘२५०-३०००’. ठेवीचा दर पाव टक्क्यानं वाढवून पाटीवर ठळक अक्षरात लिहिणाऱ्या संस्था आपणही पाहिल्या आहेत.

न्यूटननं स्वतःचा कारखानाही काढला. जर्मनीहून माउझर रायफली मागवून त्या आपल्या काडतुसांसाठी विकायच्या, असा बेत. साल निवडलं १९१४! महायुद्ध सुरू झालं. पुढं त्यानं स्वतःच्या रायफली बनवल्या, पण १९१८ साली कारखाना दिवाळखोरीत गेला. मामा हे सांगताना माझ्याकडे असं बघत, की जणू कर्ज मीच नामंजूर केलं.

वकिलाखेरीज इतर मंडळीही होती. डॉ. फ्रँकलिन मान यांनी वैद्यकीची पदवी घेऊन आयुष्य गोळीचं उड्डाण मोजण्यात घातलं आणि १९०९ साली त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांच्या वर्तुळातल्या नीडनर नावाच्या कारागिरानं १९२०च्या सुमारास अमेरिकन फौजेच्या काडतुसाची मान पाव इंचावर आवळली. ते रानमांजर एकोणपन्नास वर्षं रानातच राहिलं आणि १९६९ साली रेमिंग्टननं त्याला घरात घेतलं. त्याच मंडळातल्या नेड रॉबर्ट्सनं सात मिलिमीटरच्या माउझर काडतुसावर हाच प्रयोग केला. १९३४ साली तेही रेमिंग्टननं काढलं, ‘२५७ रॉबर्ट्स’ म्हणून.

इथं मामा थांबत आणि घरच्या आनंदानं सांगत, “ह्ये सात मिलिमीटर म्हणजे कोण? आपल्या कॉर्बेटसाहेबाची टू-सेव्हन्टी-फाइव्ह!” खरंच आहे ते. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला रिग्बीची जी रायफल भेट मिळाली, तिचं काडतूस तेच, फक्त विलायतेत त्याचं नाव इंचात. म्हणजे रॉबर्ट्सचं काडतूस हे नात्यानं कुमाऊंचं भाचरू लागलं. मराठवाड्यात नातं निघालं की चहा पुन्हा होतो, तसा तो झाला.

अशी माहिती वाटूरमध्ये येते कुठून? मामा तरुणपणी परतूरला गाडीत बसून हैदराबादला जात आणि आबिदच्या फुटपाथवर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून अमेरिकन मासिकं किलोवर आणत. मामी सांगतात, लग्नानंतर पहिल्या खेपेला मोत्यांची कुडी आणतो म्हणून गेलेले मामा दोन गोण्या घेऊन आले.

त्या मासिकांनीच घात केला. त्यांत मापाच्या रायफली बनवून घेणाऱ्यांच्या कथा असत. १९२३ साली न्यूयॉर्कला ‘ग्रिफिन अँड हाउ’ हे दुकान निघालं. त्यातला ग्रिफिन मूळचा कपाटं करणारा सुतार. गिऱ्हाइकाचा हात मोजायचा, अक्रोडाचा दस्ता घडवायचा, खांद्याला असा लागला पाहिजे की डोळा आपोआप नेमावर यावा. शिंप्याकडे कोट शिवावा तशी रायफल. मामांनी ठरवलं, आपणही पाव इंची रायफल मापानं करून घ्यायची.

पण आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून भोकाचासुद्धा कायदा. फौजेची ३०३ प्रजेच्या हाती नको, म्हणून ती बंद. ४५०ची काडतुसं बंडखोरांच्या जुन्या बंदुकांना उपयोगी पडतील या भीतीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीही बंद. मग विलायती कारखानदारांनी ४६५, ४७०, ४७५ असे शेजारचे आकडे काढले. नियम आला की त्याच्या शेजारून वाट निघते, हे बँकेत आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्याची ३१५ मिळू लागली. तिचं काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसावरून घेतलेलं. चांगली, दणकट. पण पाव इंच नव्हे. “खादीच्या दुकानात जाऊन पैठणी मागावी तसं झालं,” मामा म्हणत.

शेवटी मामांनी गावच्या सुताराला बोलावलं. अक्रोड त्यानं फक्त फोडून खाल्लेला. म्हणून माडीवरच्या झोपाळ्याची शिसवी फळी काढली. (मामींनी त्या झोपाळ्याबद्दल अजून क्षमा केलेली नाही.) मासिकातली चित्रं समोर ठेवून, मामांचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजून, सुतारानं दोन महिन्यांत एक दस्ता घडवला. नळी नाही, चाप नाही, नुसता दस्ता. पण काय सुबक! हात फिरवला की तो दुसऱ्या कुठल्या कामाला नाही हे कळतं. आणि परवाना लागत नाही.

खऱ्या रायफलीवर मामांनी किती बार काढले? वडिलांपासून धरून सोळा. तिच्या डाव्या अंगाला एक बारीक खिडकी आहे. आत काडतुसं किती उरली त्याचा आकडा तीत दिसतो. शिल्लक दाखवणारं शस्त्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि त्या कंपनीबद्दल मला आदर वाटला. परदेशी काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा डब्यात चार उरली होती. ती चारच राहिली.

बहात्तरच्या दुष्काळातली एक हकिकत मामींनी सांगितली, मामांनी नाही. पहाटे विहिरीवरच्या हौदाशी काळवीट आलं होतं, सोबत तीन माद्या. हौदात हातभर पाणी, तेही बैलांसाठी राखलेलं. मामा रायफल घेऊन गोठ्याच्या भिंतीशी उभे. ती पाणी पीत राहिली, मामा उभे राहिले. परत आल्यावर मामींनी विचारलं तर म्हणाले, “काडतूस महाग हाय.” शिकारबंदीचा कायदाही त्याच वर्षीचा. कायदा, काटकसर की आणखी काही, हे मी एकदा विचारून पाहिलं. मामांनी पावकीचं कोष्टक म्हणायला सुरुवात केली. वडिलांनी घरी पाठ करून घेतलेलं. नको तो प्रश्न आला की ते पावकीत शिरतात.

१९५५ साली अमेरिकेत २४३ नावाचं काडतूस आलं आणि पाव इंचाचं गिऱ्हाईक त्यानं ओढून घेतलं. वरून २७० होतंच. मधल्या भावाची जी गत होते ती झाली. मामा ही गोष्ट घरातल्या वाटणीच्या सुरात सांगत.

निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात. मामांची रायफल दर खेपेला अशी जाऊन येई. २०२४च्या लोकसभेच्या वेळी मी बरोबर होतो. मामा अठ्ठ्याऐंशीचे, हात कापत होता. नोंद करणाऱ्या तरुणानं लिहिलं, “रायफल, जुनी, एक. काडतुसे चार.” मामांनी त्याला थांबवलं. “नाव लिहा. टू-फिफ्टी थ्री थाउजंड.”

“किंमत तीन हजार लिहू का, आजोबा?”

मामांनी त्याला न्यूटनपासून सांगायला सुरुवात केली. मागं रांग वाढली. तरुण भला होता. त्यानं ‘२५०-३०००’ असं स्वच्छ लिहिलं.

मतदान झालं, निकाल लागला, सगळ्यांनी आपापली शस्त्रं नेली. मामांनी अर्ज दिला, की परत नको. मला फोनवर एवढंच म्हणाले, “पाव गेला, जावईबापू. पावती हाय.” पावती मी माझ्या लॉकरमध्ये ठेवावी अशी त्यांची इच्छा होती. लॉकरमध्ये हिच्या बांगड्यांच्या डबीवर ती ठेवली आहे.

त्यानंतर ऑगस्टात वाटूरला गेलो तेव्हा घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं होतं. “रेल्वेत तिकीट तपासनीस हाय पोरगा!” मामा म्हणाले. “अमेरिकेत वकील, डॉक्टर, सुतार. तिकडं विम्याची कामं करणाऱ्या वेदरबीनं रायफलींचा कारखाना काढला. इकडं तिकीटवाला. बँकवाला तेवढा एक न्हाई कुठं.”

“ती टू-टू आहे, मामा. पाव इंच नव्हे,” मी म्हणालो. इतकं मला आता कळतं.

मामा प्रसन्न झाले. रिकाम्या खुंटीवर शिसवी दस्ता टांगलेला होता. तो त्यांनी काढून माझ्या हाती दिला. “लावा खांद्याला.” मी लावला. मामींनी शेंगा बाजूला ठेवून बघितलं, सौभाग्यवती हसली. मामांनी माझं कोपर धरून जरा उचललं, डोळा बारीक केला, मागं जाऊन पुन्हा पाहिलं.

“तुमचा हात लांब हाय. कमी पडायला.”

“किती?”

“किती म्हणजे? पाव इंच.”

मामींनी झोपाळ्याची उरलेली फळी अजून माडीवर असल्याचं कबूल केलं, आणि सुताराकडे पोरगं धाडलं गेलं.