मोझ शस्त्रक्रिया : ऊतकाचे काप तयार करणे

त्वचेच्या कर्करोगाची गाठ थराथराने काढताना प्रत्येक थराची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहता यावी, यासाठी शस्त्रक्रियागृहालगतच्या प्रयोगशाळेत केली जाणारी प्रक्रिया. तपासणी होईपर्यंत जखम उघडीच ठेवून रुग्णाला थांबवतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोझ यांनी १९३० च्या दशकात ही शस्त्रक्रिया विकसित केली. ते झिंक क्लोराइडचा लेप लावून ऊतक शरीरावरच स्थिर करीत. त्यात वेदना फार होत. १९७० च्या दशकात ताजे ऊतक गोठवण्याची रीत रूढ झाली.

एरवी नमुन्याचे पावासारखे उभे काप घेतात. दोन कापांमधला भाग त्यात पाहिलाच जात नाही आणि बेसल सेल कर्करोगाची बारीक शाखा नेमकी तिथे असू शकते. मोझ पद्धतीत बाजूची कड आणि तळ एकाच पातळीत आणून आडवे काप घेतात, म्हणून कापलेली सगळी सीमा दिसते. सारी मदार या सपाटीकरणावर आहे.

शल्यचिकित्सक सुरी तिरकी धरतो. तशी कड खाली दाबणे सोपे जाते. जखमेवर आणि नमुन्यावर जुळत्या खुणा करून नकाशा काढतात, कडांना रंगीत शाई लावतात. ताठ ऊतकाला तंत्रज्ञ हलके छेद देऊन मोकळे करतो, सपाट करून गोठवतो आणि क्रायोस्टॅट या अतिथंड कापणी-यंत्रात ५ ते १० मायक्रॉन जाडीचे काप घेतो. चरबी गोठायला अधिक थंडी लागते. ती कमी पडली तर काप फाटतो.

सर्वांत मोलाचे असतात ते पहिले काप, कारण खऱ्या सीमेला तेच लगटून असतात. ऊतक सपाट नसेल तर त्यांत बाह्यत्वचा किंवा तळाचा तुकडा सुटतो. तो मिळवण्यासाठी आणखी आत कापत गेले, की सीमेवर नसलेली गाठ दिसू लागते आणि निरोगी त्वचा विनाकारण काढली जाते. नाकावर किंवा पापणीवर हे नुकसान मोठे असते. यशाचे श्रेय शल्यचिकित्सकाला मिळते. त्यातला तंत्रज्ञाचा वाटा सहसा कुणी सांगत नाही, तो सांगायला हवा.

काप हिमॅटॉक्सिलीन-इओसीन किंवा टोल्युइडीन ब्लूने रंगवतात. शल्यचिकित्सक स्वतःच ते वाचतो आणि नकाशावर जिथे गाठ उरलेली दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा कापतो. मेलॅनोमाच्या पेशी गोठवलेल्या कापात ओळखणे अवघड असते. त्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित विशेष रंजन वापरतात किंवा पॅराफिनमधील कापांची वाट पाहतात.