४२ अंशांचा उंबरठा

‘फेरोइलेक्ट्रिक’ या शब्दातल्या ‘फेरो’चा लोखंडाशी संबंध नाही. लोहचुंबकात चुंबकत्व जसं आपसूक टिकून राहतं, तसं काही स्फटिकांत विद्युत ध्रुवण टिकतं. साम्य दाखवायला लोखंडाचं नाव उसनं घेतलं, एवढंच. मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हालासेकनं १९२० मध्ये हे दाखवलं, तेही रोशेल सॉल्टमध्ये, म्हणजे रेचक म्हणून घेतल्या जाणाऱ्या एका जुन्या क्षारात. सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या वर त्याचा हा गुण जातो. स्फटिक वितळत नाही, दिसतोही तसाच. बदलते ती अणूंची मांडणी. हेच अवस्थांतर.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट सापडलं आणि या गुणाला बाजारही मिळाला. पण एक अडचण राहिली. असा पदार्थ फार पातळ केला की त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरचे विरुद्ध भार आतल्या ध्रुवणाला उलटा रेटा देतात, आणि गुण टिकेनासा होतो.

आता मला ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो स्फटिक. तांबं, इंडियम, फॉस्फरस आणि गंधक यांचा हा अर्धवाहक अभ्रकासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. १९९४ आणि १९९७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचं अवस्थांतर उलगडलं. सुमारे ४२ अंशांच्या वर तांब्याचे आयन प्रत्येक थरात वर-खाली उड्या मारत असतात, त्यामुळे सरासरी ध्रुवण शून्य. त्याखाली ते एका बाजूला स्थिरावतात. इंडियम मात्र किंचित उलट बाजूला सरकतं. म्हणजे दोन ध्रुवणांची वजाबाकी होऊन जे उरतं, ते आपल्याला मोजता येतं.

पुढची कित्येक वर्षं युक्रेनच्या सीमेवरच्या उझहोरोदमध्ये असे स्फटिक वाढवले जात होते, लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये त्यांचे विद्युत गुणधर्म मोजले जात होते. या कामाला ना मोठा बाजार होता, ना मथळे. २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीनं ग्राफिनचा थर सोलला गेला, आणि सगळ्याच पापुद्र्यांच्या स्फटिकांकडे पाहण्याची नजर बदलली. २०१६ मध्ये सिंगापूरमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपला हा स्फटिक सुमारे ४ नॅनोमीटरपर्यंत सोलला तरी सामान्य तापमानाला ध्रुवण टिकवतो. वीज गेली तरी न विसरणाऱ्या इवल्याशा स्मृतिपेशींची शक्यता त्यातून पुढे आली.

विज्ञानाचा इतिहास आपण शोधाच्या क्षणांनी सांगतो, म्हणून मधली ही वर्षं गाळली जातात. मला ती गाळावीशी वाटत नाहीत. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नावर तेव्हा अनुदान अडलं असतं, तर २०१६ मध्ये सोलायला काय हातात घ्यायचं हेच कळलं नसतं.

आणि त्या मोजमापांचं काम अजून संपलेलं नाही. मे महिन्यात विदर्भात सावलीतला पारा ४२च्या वर सहज जातो. तिथे नुसता ठेवलेला हा स्फटिक आपलं ध्रुवण गमावून बसेल. खिशातल्या यंत्रात तो बसवायचा, तर नव्वदच्या दशकात मोजलेल्या त्या आकड्यापाशी आजच्या अभियंत्याला थांबावंच लागतं.