उठून गेलेले गाव

खेड्यातल्या माणसाला त्याच्या गावाचे वय विचारले, तर तो आजोबाच्या आजोबापर्यंत जातो, फार तर शिवकाळापर्यंत, आणि थांबतो. मीही तिथेच थांबत होतो. पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या जुन्या पांढरीवर एकदा उभा राहिलो आणि लक्षात आले की, आपल्या खेड्याचे वय मोजायला आजोबांची रांग पुरत नाही.

आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढर. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि शेण एकावर एक बसत जाते आणि जमीन पांढुरकी होते. इनामगावची अशीच पांढर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उकरून पाहिली. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या तिघांच्या नावाने त्या उत्खननाचा मोठा अहवाल १९८८ मध्ये निघाला. त्या मातीखाली ना राजवाडा सापडला, ना शिलालेख. सापडले ते एक साधे शेतकऱ्यांचे गाव. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास ते वसले आणि ७०० च्या सुमारास उठले. म्हणजे नऊशे वर्षे नांदले. ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याला अजून साडेसातशे वर्षेसुद्धा झालेली नाहीत, यावरून हा काळ केवढा ते समजावे.

शंभराहून अधिक घरे तिथे उजेडात आली. भरभराटीच्या काळातली घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची, मातीने लिंपलेली. ती ओळीने बांधलेली आणि दोन ओळींमध्ये बोळ. घरात चूल, धान्य साठवायला जमिनीत बळद आणि कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे. शेतात जव मुख्य, त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा. दावणीला गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट खोदलेला होता आणि त्याला बांध घातलेला होता. पाट काही एकट्याने खोदला जात नाही. तो खोदायला, त्यातला गाळ काढायला, पाण्याची पाळी ठरवायला गाव एका जागी बसावे लागते. त्या लोकांना लिपी नव्हती, त्यामुळे त्या बैठकीत कोण काय बोलले ते कळायला मार्ग नाही. पण बैठक झाली असणार, भांडणही झाले असणार. पाण्यावरून भांडण झाले नाही असे गाव मी अजून पाहिलेले नाही.

सगळे सारखेच होते असेही नाही. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, मणी घडवणारे असे कारागीर राहत ते वस्तीच्या पश्चिम कडेला. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला. त्या गाड्याच्या चाकाचा एखादा आरा इतका जुना असेल, असे मला तोवर वाटले नव्हते.

पण मला तिथे सगळ्यात जास्त थांबवले ते मृतांनी. हे लोक आपली माणसे गावाबाहेर नेत नसत. घरातच जमीन खणून पुरत आणि जवळ अन्नपाण्याची भांडी ठेवत. लहान मूल गेले तर त्याला दोन रांजणांत ठेवून, रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून, ते आडवे पुरत. असे रांजण तिथे पुष्कळ मिळाले. त्या काळी किती मुले हाती लागत नसतील, ते यावरून कळते. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून निजवत, आणि पुरण्याआधी त्यांची पावले घोट्यापासून तोडत. मेलेला माणूस घर सोडून निघून जाऊ नये, म्हणून हे करत असावेत, असे अभ्यासक सांगतात. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र एक पुरुष चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्याची पावले शाबूत होती. मोठ्या माणसाला मेल्यावरही कायदा वेगळा.

पावले तोडण्याची ही गोष्ट वाचली आणि मला माझी अम्मा आठवली. १९७२ च्या दुष्काळात मी मांडीवरचा होतो. अब्बा भिवंडीला यंत्रमागावर गेले. त्यांनी निरोप धाडला, पोरांना घेऊन ये. अम्मा गेली नाही. माझ्या आधीची एक बहीण दीड महिन्याची होऊन गेली होती, तिची कबर गावाच्या कब्रस्तानात होती. ‘तिला एकटीला टाकून कशी येऊ?’ एवढेच अम्माचे उत्तर. ती खडी फोडायला गेली, मुलांना सुकडी खाऊ घातली, मिलोच्या भाकरी थापल्या. शेजारच्या मळ्यातल्या काकूंनी आपल्या विहिरीवर तिला रोज दोन घागरी भरू दिल्या. त्या विहिरीलाही तेव्हा जेमतेमच पाणी होते.

इनामगावकरांनी मृतांना जखडून ठेवले आणि शेवटी जिवंत माणसेच निघून गेली. इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊस कमी होत गेला, असे संशोधकांचे मत आहे. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली, माणसे जनावरांमागे फिरती झाली आणि एक दिवस चुली पेटायच्या थांबल्या. घरात पुरलेली माणसे तिथेच राहिली.

अम्मा अखेरपर्यंत म्हणायची, ‘तुझ्या बहिणीने मला गावात ठेवले.’ मी तिला कधी खोडून काढले नाही. पण इनामगाव पाहिल्यापासून वाटते, नुसत्या कबरीने माणूस थांबत नाही. कबरी तर त्यांच्याकडेही होत्या, उंबऱ्याच्या आत होत्या. अम्माला थांबता आले, कारण खडीवर काम मिळाले आणि काकूंनी विहीर बंद केली नाही. आजही दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या घरांची कुलपे दिसली की मी मनात विचारतो, यांच्या गावात पाटावरची ती बैठक भरली होती का?

गावाचा इतिहास म्हणून आपण देऊळ कोणी बांधले, वाडा कोणाचा, हे लिहून ठेवतो. ते जरूर लिहावे. त्याच वहीत हेही लिहावे, की दुष्काळात कोणाची विहीर कोणासाठी उघडी होती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)