सारथ्य आणि स्वयंचलित गिअर

सारथ्य ही आपल्याकडे प्रतिष्ठेची विद्या मानली गेली आहे. मोटारयुगात तिची कसोटी गिअरच्या दांड्यावर लागू लागली. प्रारंभी दंतचक्रांच्या वेगांचा मेळ चालकास क्लच दोनदा दाबून स्वतःच साधावा लागे. १९२८ साली कॅडिलॅकने हा मेळ आपोआप घालणारी युक्ती आणली, आणि १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिलने क्लचचे पेडलच अनावश्यक केले.

श्रम वाचले, हे उत्तमच झाले. परंतु त्यांबरोबर चालकाचा निर्णयही गेला. २०१३ साली पोर्शने ‘९११ जीटी३’ ही स्पोर्ट्‌स मोटार केवळ स्वयंचलित गिअरनिशी काढली. तिचे गिअर माणसाच्या हातापेक्षा त्वरेने पडत. तरीही रसिकांच्या आग्रहास्तव २०१७ साली हाताचा गिअर पुन्हा द्यावा लागला.

रोजच्या वापराचे काय? बालाघाटचेच पाहा. वैनगंगेकाठच्या या शहरातील बाजारात पावलोपावली थांबताना डावा पाय शिणतो. तेथे स्वयंचलित गाडीच सुखाची. मात्र बैहरकडील घाटरस्ता लागला की चित्र पालटते. उतारावर खालचा गिअर टाकल्यास इंजिनच गाडीस आवरून धरते, ब्रेक तापत नाहीत. स्वयंचलित गाडीतही हे साधते. पण त्याचे भान हवे, आणि ते भान हाताचा गिअर रोज घोटून घेतो.

म्हणून स्वयंचलित गाडी सोडून हाताच्या गिअरकडे वळणाऱ्यास आम्ही केवळ हौशी म्हणणार नाही. नाइलाजाचे श्रम वेगळे, स्वेच्छेचे वेगळे. विद्या टिकते ती दुसऱ्यांमुळेच.